प्रश्न तुमचे : टिकलं किती, केलं किती?

२०२५च्या ऑक्टोबरात रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना जाहीर झालं आणि या सदराच्या पत्त्यावर 'मॉफ' या विषयावरची पत्रं यायला लागली. मॉफ म्हणजे धातूचे अणू सांध्यासारखे आणि कार्बनी रेणू काड्यांसारखे जोडून उभी राहिलेली सच्छिद्र स्फटिकाची चौकट. मी पुण्यात एन्झाइमच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची आठ एन्झाइमं जास्त टिकावीत म्हणून त्यांना मॉफमध्ये बंदिस्त करण्यात गेली, त्यामुळे या पत्रांनी मला फार आनंद झाला. शाळेत आपण 'विकर' शिकलो, म्हणजे सजीवांतल्या रासायनिक क्रियांना वेग देणारं प्रथिन, पण प्रयोगशाळेच्या बाकावर सगळे एन्झाइमच म्हणतात; मीही तेच लिहिते. सहा पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी कुडाळला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला 'मॉफमध्ये बंदिस्त एन्झाइम' हा विषय घेतलाय. सगळीकडे लिहिलेलं सापडतं की एन्झाइम मॉफच्या छिद्रात जाऊन बसतं. पण झिफ-८ या मॉफची पोकळी ११.६ अँगस्ट्रॉम, पोकळीचं दार ३.४ अँगस्ट्रॉम, आणि हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे एन्झाइम साधारण ४० बाय ४४ बाय ६८ अँगस्ट्रॉमचं. मग ते आत शिरतं कसं? माझंच गणित चुकतंय का?

उत्तर : तुझं गणित अगदी बरोबर आहे. चुकतंय ते 'छिद्रात जाऊन बसतं' हे वाक्य. हा आकड्यांचा मेळ न घालता लोक पीएचडीपर्यंत जातात. तू तो बीएस्सीला घातलास, शाबास.

एन्झाइम झिफ-८च्या पोकळीत जात नाही. झिफ-८च एन्झाइमभोवती वाढतं. शेंगदाण्याची चिक्की डोळ्यापुढे आण. चिक्कीत आधी भोकं पाडून मग कोणी दाणे बसवत नाही. पाक पातळ असताना दाणे त्यात असतात आणि पाक त्यांच्याभोवती आळतो. इथेही तसंच. एका नळीत झिंक ॲसिटेटचं पाणी, दुसरीत २-मिथाइलइमिडाझोल आणि त्यातच विरघळलेलं एन्झाइम. दोन्ही द्रावणं नितळ असतात. एकत्र केली की काही क्षणांत नळी दुधाळ होते. उष्णता लागत नाही, दाब लागत नाही, साध्या पाण्यात आणि खोलीच्या तापमानाला होतं. म्हणूनच एन्झाइम त्यातून जिवंत बाहेर येतं. मग सेंट्रिफ्यूज फिरवलं की तळाशी खडूसारखा पांढरा थर बसतो. पहिल्यांदा तो थर हातात आला तेव्हा मी नळी खिडकीपाशी नेऊन बराच वेळ नुसती बघत उभी होते.

यातली सुंदर गोष्ट अशी की प्रथिन त्या पाकात नुसतं सापडत नाही, पाक आळायला तेच मदत करतं. त्याच्या पृष्ठभागावर जस्ताचे आयन आणि इमिडाझोल गोळा होतात आणि स्फटिकाची सुरुवात तिथून होते. तू कोकणातला आहेस. कालवं आपल्या प्रथिनांच्या आधारानं चुन्याचं कवच रचतात, ते तू पाहिलंच असशील. ऑस्ट्रेलियात पाओलो फाल्कारो आणि ख्रिश्चन डूनन यांच्या गटानं २०१५ साली ही पद्धत मांडली, तेव्हा तिला नाव देताना हीच जैविक खनिजीकरणाची उपमा घेतली होती. त्याच्या आदल्या वर्षी चीनमधल्या जुन गं आणि अमेरिकेतल्या रिचर्ड झेअर यांच्या गटांनी सायटोक्रोम-सी हे प्रथिन झिफ-८मध्ये असंच एका भांड्यात बंदिस्त केलं होतं, पण मिथेनॉलमध्ये. मिथेनॉल सोसणारी एन्झाइमं थोडी. पाण्यावर येणं हे खरं मोठं पाऊल होतं, असं मी मानते.

सेमिनारमध्ये आणखी एक सांग. झिफ-८च्या एका ग्रॅमचं अंतर्गत क्षेत्रफळ १,६३० चौरस मीटर मोजलं गेलंय, म्हणजे जवळपास सोळा गुंठे. हा आकडा ऐकून श्रोते चकित होतात आणि त्यांना वाटतं एन्झाइमला एवढी जागा मिळाली. पण त्या सोळा गुंठ्यांतला एक चौरस फूटही एन्झाइमला मिळत नाही. ती जागा फक्त लहान रेणूंची. एन्झाइम त्या इमारतीच्या भिंतीत चिणलेलं असतं.

एन्झाइमला खरोखर खोली देणारे मॉफही आहेत. अमेरिकेतल्या हाँग-काय झोऊ यांच्या गटाचं पीसीएन-३३३ हे ॲल्युमिनियमचं मॉफ घे. त्याची मोठी पोकळी ५.५ नॅनोमीटरची, म्हणजे ५५ अँगस्ट्रॉमची. तिथे आधी इमारत बांधतात आणि मग एका खोलीत एक अशी हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजची रवानगी करतात. आणि आपल्या पुण्यातलं उदाहरण हवं असेल तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) राहुल बॅनर्जी यांच्या गटानं २०१५ साली धातू नसलेल्या सच्छिद्र चौकटीचे पोकळ गोळे बनवून त्यात ट्रिप्सिन हे एन्झाइम बसवून दाखवलं. याच बॅनर्जींनी त्याआधी याघींच्या प्रयोगशाळेत झिफवर काम केलं होतं.

सेमिनारला दोन चित्रं काढ. एक चिक्कीचं, एक खोल्यांच्या चाळीचं. वर्गात कोणी 'छिद्रात बसतं' म्हणालं तर विचार, कुठल्या चित्रातलं?

प्रश्न : ताई, मी जालन्यात एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. मे महिन्यात लाईट गेली की पोटात गोळा येतो. ग्लुकोजचं जीओडी-पीओडी किट दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं. मागच्या उन्हाळ्यात एक अख्खी बाटली गुलाबी पडली. वाचलं की मॉफमधलं एन्झाइम उकळत्या पाण्यात तासभर टिकतं. मग असं किट आम्हाला कधी मिळणार?

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातली गुलाबी बाटली मला डोळ्यांसमोर दिसली. तुमच्या किटातलं 'जीओडी' म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेज; ते ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. 'पीओडी' म्हणजे पेरॉक्सिडेज; ते त्या पेरॉक्साइडच्या मदतीनं रंग आणतं. बहुतेक किटांत ते वर कुडाळच्या विद्यार्थ्यानं विचारलेलंच हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज असतं. (इंग्रज आपल्या शेवग्याला 'हॉर्सरॅडिशचं झाड' म्हणत, कारण त्याच्या मुळाला तसाच झणका. पण हे एन्झाइम शेवग्याचं नव्हे, मोहरीच्या कुळातल्या एका युरोपीय कंदाचं.) आणि उकळत्या पाण्यात तासभर ठेवून बहुतांश काम टिकवून दाखवलं ते याच एन्झाइमनं, झिफ-८मध्ये. बातमी खरी आहे.

आधी ते टिकतं कसं ते सांगते. एन्झाइम म्हणजे एक लांबच लांब साखळी, नेमक्या पद्धतीनं घडी घातलेली. घडी आहे तोवर काम आहे. उष्णतेनं घडी सैल होते, उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि परत सुटत नाहीत. अंड्याचा पांढरा बलक शिजतो तो असाच. आता नऊवारी घडी करून लोखंडी ट्रंकेत दाबून भरली, तर तिला उलगडायला जागाच उरत नाही. शेजारच्या साडीत गुंतायचाही प्रश्न नाही. झिफ-८ ही ती ट्रंक. २०१७ साली तैवान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी झिफ-९० या झिफ-८च्या भावंडात कॅटलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडणारं एन्झाइम) ठेवून त्यावर ६ मोलार युरिया आणि ८० अंशांपर्यंत तापमान यांचा मारा केला. मोकळं कॅटलेज त्यात उलगडून जातं; आतलं काम करत राहिलं. त्या गटातले चिया-कुआंग त्सुंग २०२१च्या जानेवारीत कोविडनं गेले. त्यांचं काम मी वर्षानुवर्षं वाचत आले होते. ती बातमी कळली त्या दिवशी मी बाकावर काही केलं नाही.

पण ट्रंकेतली साडी नेसता येत नाही. तुमच्या प्रश्नाची खरी मेख इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

समजा मोकळं एन्झाइम सुरुवातीला १०० एकक काम करतं आणि तापवल्यावर ३० करतं. कोंडलेलं सुरुवातीलाच १० करतं आणि तापवल्यावर ९. आता आलेख काढताना दोघांची सुरुवात शंभर टक्के धरली की मोकळ्याचं 'तीस टक्के टिकलं' आणि कोंडलेल्याचं 'नव्वद टक्के टिकलं'. आलेख फार देखणा दिसतो. पण तुमच्या क्युवेटमध्ये, म्हणजे रंग मोजायच्या नळीत, रंग कोण आणणार? ३० वालं. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण असे आलेख मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते काढणारे खोटे बोलत नसतात. ते फक्त एकच प्रश्न विचारतात : टिकलं किती? दुसरा तितकाच महत्त्वाचा : केलं किती?

कोंडलेलं एन्झाइम कमी काम करतं याची कारणं साधी आहेत. ग्लुकोजला दारातून आत जावं लागतं, आणि झिफ-८चं दार त्याच्यासाठी फार अरुंद. स्फटिकात राहिलेल्या फटींतून वाट काढावी लागते. हायड्रोजन पेरॉक्साइड इवलंसं, ते सहज जातं. शिवाय काम करताना एन्झाइमलाही थोडं हलावं लागतं, श्वास घेताना छाती हलते तसं. घट्ट आवळलं तर टिकतं, पण काम मंदावतं.

आणि तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण. ग्लुकोजच्या किटात बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, बहुधा फॉस्फेटचा असतो. फॉस्फेट झिफ-८मधलं जस्त ओढून घेतं आणि चौकट मोडते. उकळत्या पाण्याला पुरून उरलेली ट्रंक तुमच्या रोजच्या रिएजंटमध्ये विरघळते. म्हणजे नुसतं एन्झाइम कोंडून भागणार नाही, अख्खं किट नव्यानं बांधावं लागेल. हे काम सुरू आहे आणि मला त्याबद्दल आशा आहे, पण पुढच्या मे महिन्याची सोय त्यातून होणार नाही.

ती सोय करण्यासाठी : किट फ्रिजच्या दारात ठेवू नका, मधल्या कप्प्यात मागे ठेवा. रिकाम्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा, लाईट गेल्यावर त्या थंडावा धरून ठेवतात. दिवसाचं रिएजंट सकाळी वेगळं काढून घ्या आणि मोठी बाटली परत परत उघडू नका. ब्लँकचं, म्हणजे नमुना न घालता घेतलेलं, रीडिंग रोज वहीत लिहा. ते चढायला लागलं की बाटली गुलाबी दिसण्याच्या आधीच तुम्हाला कळेल. आणि कंट्रोल सीरम लावल्याशिवाय पहिला पेशंट लावू नका. हे तुम्हाला ठाऊक असणारच. तरी लिहिते, कारण त्या रीडिंगवर कोणाचं तरी इन्सुलिन ठरणार असतं.

प्रश्न : मी कोल्हापूरला एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये कॅटलेज झिफ-८मध्ये बंदिस्त केलं. वर हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं तर बुडबुडेच येत नाहीत. तीनदा केलं. माझ्या हाताला गुण नाही असं सर म्हणाले.

उत्तर : तुमच्या हाताला काही झालेलं नाही. तीनदा तेच आलं, म्हणजे हात चांगला आहे.

झिफ-८ची भिंत तेलकट स्वभावाची आहे, पाण्याला दूर ठेवणारी. कॅटलेजला तो शेजार मानवत नाही; त्याची घडी त्या भिंतीला चिकटून बिघडते. २०१९ साली डूनन आणि फाल्कारो यांच्याच गटानं हे नीट दाखवलं : कॅटलेज झिफ-८मध्ये जवळजवळ निकामी, पण झिफ-९० आणि एमएएफ-७ या पाणी आवडणाऱ्या मॉफमध्ये कामसू. एमएएफ-७ची रचना झिफ-८सारखीच आहे, फक्त इमिडाझोलच्या जागी ट्रायझोल, म्हणजे कड्यात एक नायट्रोजन जास्त. एवढ्या फरकानं एन्झाइम जगतं किंवा मरतं. तुमचे तीन नकार प्रोजेक्टमध्ये जसेच्या तसे लिहा, आणि चौथ्यांदा झिफ-९० घेऊन करा.

प्रश्न : मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज झिफ-८मध्ये कोंडल्यावर माझी ॲक्टिव्हिटी मोकळ्या एन्झाइमपेक्षा जास्त येतेय, कधी १२० टक्के, कधी १३०. गाइड खूश आहेत, पेपर लिहायला सांगतायत. पण मला रात्री झोप लागत नाही. काय तपासू? (नाव, गाव छापू नये.)

उत्तर : नाव नाही छापत. पण झोप लागत नाही हे वाचून मला तुमच्याबद्दल विश्वास वाटला.

२०१७च्या पावसाळ्यात माझंही असंच झालं होतं. एन्झाइम तेच, मॉफ तेच. माझ्या नळ्यांत एबीटीएस (पेरॉक्सिडेज काम करू लागलं की हिरवं होणारं रसायन) घातलं की असा गर्द हिरवा रंग यायचा की शेजारच्या बाकावरची मुलं बघायला यायची. मोकळ्या एन्झाइमपेक्षा कोंडलेलं वरचढ! मी परिषदेसाठी पोस्टर छापून घेतलं. निघायच्या दोन दिवस आधी माझ्या हाताखालच्या एका मुलीनं, प्रोजेक्टला आलेल्या, एक साधी गोष्ट केली. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, पांढरा थर तळाशी बसवला आणि वरच्या नितळ पाण्यात एबीटीएस आणि पेरॉक्साइडचे थेंब टाकले. पाणी हिरवं झालं. थरातला रंग फिका, पाण्यातला गर्द.

म्हणजे एन्झाइम कोंडलेलं नव्हतंच. ते बाहेर पडून पाण्यात मोकळं काम करत होतं. आम्ही बफर फॉस्फेटचा वापरला होता. का? तो शेल्फवर होता म्हणून. आमच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं प्रत्येक एन्झाइम फॉस्फेटमध्येच मोजलं जात होतं. तळाचा पांढरा थर क्ष-किरणांखाली ठेवला तर झिफ-८च्या स्फटिकाची ओळख पटवणारी आलेखातली शिखरं विझत चाललेली. पांढरं दिसत होतं ते बरंचसं झिंक फॉस्फेट. पांढऱ्याच्या जागी पांढरंच आलं, म्हणून डोळ्यांना कळलं नाही.

पोस्टर मी गुंडाळून कपाटावर ठेवलं. परिषदेला गेले, पण लावलं नाही. त्या कामात नऊ महिने गेले त्याचं आजही वाईट वाटतं, आणि त्या मुलीनं ते दोन थेंब टाकले नसते तर काय झालं असतं, याचं त्याहून जास्त.

आता तुमच्यासाठी. आधी बफर बघा. फॉस्फेट, सायट्रेट, ईडीटीए यातलं, म्हणजे जस्त ओढून घेणारं, काही असेल तर थांबा आणि हेपीससारख्या बफरमध्ये परत मोजा. पीएच आम्लाकडे झुकलेला असेल तरीही झिफ-८ विरघळतं, आणि एबीटीएसची मोजणी बरेच जण आम्ल बफरमध्येच करतात, तेव्हा हे पहिल्यांदा तपासा. मग माझ्या विद्यार्थिनीची चाचणी : प्रयोग चालू असताना नळी फिरवा, वरचं पाणी वेगळं करा आणि त्यात रंग पुढे वाढतो का ते बघा. वाढत असेल तर काम पाण्यातलं मोकळं एन्झाइम करतंय.

पाणी स्वच्छ निघालं तरी स्फटिकाच्या बाहेरच्या अंगाला चिकटलेलं एन्झाइम उरतं. बाहेरचं एन्झाइम कोंडलेलं नसतं, तरी हिशेबात त्याच नावावर चढतं. थर डिटर्जंटनं नीट धुवा. मग त्याला एखाद्या प्रोटिएजचा, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचा, खुराक द्या. प्रोटिएज स्वतः एवढं मोठं की झिफ-८च्या दारातून आत जाऊच शकत नाही. बाहेर चिकटलेलं मात्र ते खाऊन टाकतं. त्यानंतर जे काम उरेल ते खरोखर आतल्या एन्झाइमचं. सोबत एक नळी अशी ठेवा जिच्यात आधी झिफ-८ तयार केलं आणि एन्झाइम नंतर वरून घातलं. एक नुसत्या झिफ-८ची. आणि तुलना प्रत्येक वेळी एन्झाइमच्या तेवढ्याच मिलिग्रॅमशी. आत किती गेलं हे मोजलंच नसेल, तर टक्के कशाचे काढले?

हे सगळं करूनही १२० टक्के आले तर ते खरं असू शकतं. सायटोक्रोम-सी झिफ-८मध्ये गेल्यावर त्याची पेरॉक्सिडेजसारखी क्रिया दहापट वाढल्याची नोंद २०१४च्या त्या कामात आहे. काही प्रथिनांची घडी चौकटीत अशी बदलते की आतली हीमची, म्हणजे जिथे काम होतं ती लोहाची, जागा जास्त उघडी पडते. तेव्हा मनात धसका धरू नका. गाइडना पाण्याची नळी दाखवा. चांगला गाइड त्या नळीकडे आधी बघतो.

प्रश्न : माझ्या वडिलांना स्वादुपिंडाच्या आजारामुळे जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. पोटातल्या आम्लात एन्झाइम मरतं म्हणे. मग मॉफमध्ये घालून दिलं तर कमी कॅप्सूल लागतील का? — नाशिकहून एक मुलगी

उत्तर : ताई, प्रश्न योग्य आहे, पण झिफ-८ इथे उलटं वागतं. ते आम्लात विरघळतं. म्हणजे जिथे झाकण बंद राहायला हवं त्या जठरातच ते उघडेल. झिर्कोनियमचे काही मॉफ आम्लाला दाद देत नाहीत, पण वडिलांना देण्याजोगं औषध आज त्यातून तयार नाही. शिवाय झिफ-८मधलं २-मिथाइलइमिडाझोल कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत 'शक्यता आहे' या गटात आहे. रोज तीन वेळा पोटात जाणाऱ्या गोष्टीत ते मला नको वाटतं.

वडिलांच्या कॅप्सूलमध्ये जे बारीक दाणे असतात, त्यांवरचं आवरण नेमकं हेच काम करतं : आम्लात बंद, आतड्यात उघडं. म्हणून ते दाणे चावू देऊ नका, कुटू नका, गरम चहा-दुधात घालू नका. चावलं की आवरण फुटतं आणि आतलं लायपेज, म्हणजे चरबी पचवणारं एन्झाइम, जठरात कायमचं वाया जातं. कॅप्सूल गिळायला जड जात असेल, तर उघडून कशाबरोबर द्यायची ते डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : मी साताऱ्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. आमच्याकडे झिंक ॲसिटेटही नाही आणि सेंट्रिफ्यूजही नाही. कोंडलेलं एन्झाइम मुलांना दाखवता येईल का?

उत्तर : गुरुजी, येईल, आणि आजच्या सगळ्या पत्रांतली गोष्ट त्यात दिसेल. नोबेल मिळालेल्या रॉब्सन यांची सुरुवातही अशीच वर्गातून झाली. १९७४ साली विद्यार्थ्यांना रेणू शिकवण्यासाठी त्यांनी लाकडी गोळ्यांना भोकं पाडून घेतली होती, आणि भोकाच्या जागाच रचना ठरवतात हे त्यांना त्या गोळ्यांवरून सुचलं.

कच्चा बटाटा किसा, पिळून रस घ्या. त्यात कॅटलेज आहे. सोडियम अल्जिनेट पावडर (समुद्री शेवाळापासून मिळते, केकचं सामान विकणाऱ्यांकडे असते) शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम अशी आदल्या रात्री ढवळून भिजवा. लगेच विरघळत नाही, गुठळ्या होतात. सकाळी त्यात तेवढाच बटाट्याचा रस मिसळा. दुसऱ्या भांड्यात कॅल्शियम क्लोराइडचं दोन टक्क्यांचं पाणी. आता ड्रॉपरनं मिश्रणाचा एकेक थेंब त्यात सोडा. थेंब पडताक्षणी साबुदाण्यासारखी गोळी होते. पाच-दहा मिनिटं राहू द्या, गाळा, साध्या पाण्यानं दोनदा धुवा.

मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणून बाटलीवरची टक्केवारी वाचा आणि पाणी घालून एक टक्क्यावर आणा. हे तुम्ही स्वतः करा, चष्मा लावून. मुलांच्या हातात तीव्र बाटली देऊ नका. उंच ग्लासात ते ओता आणि एक गोळी सोडा. गोळी तळाशी जाईल. मग तिच्या अंगावर बारीक बुडबुडे धरतील आणि ती हळूहळू वर चढू लागेल. किती सेकंदांत चढली ते मुलांना मोजू द्या. कोंडलेलं एन्झाइम काम करतंय, आणि गोळी चिमट्यानं उचलून दुसऱ्या ग्लासात टाकली तर तिथेही करेल.

शेवटी काही गोळ्या सोडियम सायट्रेटच्या पाण्यात टाका. सायट्रेट गोळीतलं कॅल्शियम ओढून घेतं, माझ्या नळीत फॉस्फेटनं जस्त ओढून घेतलं तसं. गोळ्या मऊ होतील, विरघळतील. मग त्या पाण्यात पेरॉक्साइड घाला. फेस एकदम उसळेल, गोळ्यांपेक्षा किती तरी जोरात. फळ्यावर दोन्हीचे सेकंद लिहा आणि मुलांना विचारा, आता एन्झाइम कुठे आहे? कोणी 'गोळीत' म्हणालं तर त्याला गोळी शोधून दाखवायला सांगा. उत्तरं मला जरूर कळवा.